इनडोअर पुलाला सोलर लावलं, तरी सकाळी पाणी पुन्हा गार

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. घराच्या आत पूल आहे, गच्चीवर पुलाचं पाणी तापवणारी सोलर पॅनेलं आहेत, नोव्हेंबरपर्यंत सगळं छान चाललं होतं. डिसेंबर लागला आणि संध्याकाळी २८ अंशांवर असलेलं पाणी सकाळी साडेसव्वीसवर यायला लागलं. दिवसभर कडक ऊन, संध्याकाळी पुन्हा २८, सकाळी पुन्हा साडेसव्वीस. मुंबईत थंडीचा एखादा खरा आठवडा आला, सांताक्रूझचा पारा १६-१७ पर्यंत उतरला, की हा झोका खाली सरकतो आणि पुलात पाय बुडवून मंडळी परत फिरतात. सोलरवाला येतो, पॅनेलं पुसतो, एखादा व्हॉल्व्ह फिरवतो आणि जाताना सांगतो, "साहेब, अजून चार पॅनेलं टाकावी लागतील."

टाकू नका. निदान लगेच तरी नाही. घराच्या आतल्या पुलाचं दुखणं गच्चीवर कमी आणि पुलाच्या खोलीत जास्त असतं, पण तिथे कोणी बघत नाही, कारण सोलर दिसतं ते गच्चीवर.

आधी थोडं गणित. बंगल्यातला मध्यम पूल धरू: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० हजार लिटर पाणी. हे पाणी एक अंश तापवायला साधारण ४६ युनिट उष्णता लागते (युनिट म्हणजे विजेच्या बिलातलंच युनिट). पॅनेलं २४ चौरस मीटर असतील, म्हणजे पुलाच्या पृष्ठभागाच्या पाऊणपट, तर मुंबईच्या हिवाळी उन्हात दर चौरस मीटरमागे दिवसाला अंदाजे ३ युनिट पाण्यात उतरतात. एकूण ७०-७२ युनिट, म्हणजे दीड अंश. आता वरचा झोका पुन्हा बघा. दिवसा दीड अंश चढतं, रात्री दीड अंश उतरतं. सोलर आपलं काम चोख करतंय आणि रात्र ते सगळं घेऊन जातेय. इथे पॅनेलं वाढवली तर पाणी थोडं वर जाऊन पुन्हा तिथेच रेंगाळेल, कारण पाणी जितकं गरम तितकी रात्रीची गळतीही मोठी.

रात्रीची ही उष्णता जाते कुठे, तर बाष्पीभवनात. भिंतींतून आणि तळातून जाणारी उष्णता मुंबईत किरकोळ असते, इथली जमीन वर्षभर बऱ्यापैकी उबदार असते. पण एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता घेऊन जातं. आपल्या पुलाची पातळी रात्रीत एक मिलिमीटर उतरली, तर ३२ लिटर पाणी आणि २१-२२ युनिट उष्णता गेली. म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. तीन मिलिमीटर उतरली, की सोलरची दिवसभराची कमाई संपली. तीन मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून हा चोर सापडत नाही.

रात्रीची चाचणी

संध्याकाळी सातला पंप बंद करा. हाताने पाणी ढवळून अर्धा मीटर खोलीवर थर्मामीटर धरा आणि आकडा लिहून ठेवा. टाइलच्या कडेला पेन्सिलीने पाण्याची रेघ मारा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीतली पातळी बाहेरच्या पातळीइतकीच असावी. सकाळी सातला तिन्ही बघा. बादलीतलं आणि पुलातलं पाणी सारखंच उतरलं असेल, तर ते बाष्पीभवन. पूल जास्त उतरला असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि तुम्ही भरलेलं गार पाणी रोज तापवत बसला आहात. पुलाला ऑटोफिल (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारी सोय) असेल तर चाचणीपुरता बंद ठेवा, नाहीतर रेघेला काही अर्थ उरत नाही. ओव्हरफ्लो पुलात (ज्याच्या कडेवरून पाणी सांडत राहतं) पातळी बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे सांडलेलं पाणी जमा होतं त्या टाकीत, बघावी लागते.

दुसऱ्या रात्री हेच करा, पण पुलावर आच्छादन घालून आणि खोलीतला एसी, पंखे बंद ठेवून. पुलाचं कव्हर नसेल तर चाचणीपुरतं जाड प्लास्टिक चालेल. मात्र घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर खोलीला कुलूप लावा. पाण्यावर सैल पसरलेलं प्लास्टिक म्हणजे उघडा सापळा. पहिल्या रात्री दीड अंश उतरलं आणि दुसऱ्या रात्री अर्ध्या अंशाच्या आत राहिलं, तर निदान झालं. गच्चीवर चढायची गरज नाही.

एसी हा शब्द वर सहज आला, पण बहुतेक घरांत खरा गुन्हेगार तोच असतो. पुलाच्या खोलीत दमट वाटतं, काचांवर पाणी जमतं, म्हणून कोणीतरी स्प्लिट एसी बसवतो आणि २४ वर ठेवून देतो. एसी हवा गार करतो आणि कोरडीही करतो. अशी हवा २८ अंशांच्या पाण्यावरून फिरली की ती पाणी अधाशासारखी पिते. मग एसी तीच वाफ आपल्या कॉइलवर पकडून नळीने बाहेर सोडतो. सोलरने तापवलेलं पाणी वाफ बनून एसीच्या नळीतून गटारात जातं, वर त्यासाठी वीज लागते. पोहण्याच्या खोलीचा नियम उलटा आहे: हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम हवी आणि आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास. पाणी २८ असेल तर हवा २९-३०. मुंबईकराला हे ऐकून घाम फुटतो, पण ओल्या अंगाने बाहेर आल्यावर हीच हवा सुखाची वाटते. २४ अंशांच्या हवेत कुडकुडायला होतं आणि दोष पाण्याला दिला जातो.

एक्झॉस्ट पंख्याचंही तसंच. रात्रभर पूर्ण वेगात चाललेला एक्झॉस्ट बाहेरची जानेवारीतली १७-१८ अंशांची हवा आत ओढतो आणि पाण्यावरून फिरवतो. पण थेट बंदही करू नका. आधी कव्हर, मग पंखा कमी, हाच क्रम. कव्हर नसताना पंखा बंद केलात तर वाफ खोलीतच साचेल, छताला बुरशी धरेल, आणि क्लोरीनच्या वाफेने फॉल्स सीलिंगचे टांगणीचे रॉड आतून पोखरले जातील. ही भीती कागदी नाही. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावात १९८५ साली इनडोअर पुलाचं काँक्रीटचं टांगतं छत कोसळून १२ माणसं गेली. रॉड स्टेनलेस स्टीलचे होते आणि क्लोराइडमुळे तडकले होते. 'स्टेनलेस आहे, काही होत नाही' हे वाक्य पुलाच्या खोलीत चालत नाही. कोणी पोहत असताना आणि त्यानंतर काही वेळ एक्झॉस्ट चालू ठेवा. रात्री कव्हर घातल्यावर हळू वेगावर राहू द्या. क्लोरीनचा मोठा डोस दिला असेल त्या रात्री मात्र कव्हर काढून, खिडक्या उघडून ठेवा. त्या रात्रीचा अंश-दीड अंश सोडून द्या.

कव्हर घेताना एक गोष्ट बघा. बाजारात निळं बुडबुड्यांचं 'सोलर कव्हर' पुढे करतात. त्याची अर्धी करामत ऊन आत सोडण्यात आहे आणि तुमच्या पुलावर ऊन पडतच नाही. बाष्पीभवन तेही थांबवतं, पण थोडे जास्त पैसे टाकून फोमचं कव्हर घेतलंत तर ते वरून उष्णताही अडवतं. रोलरवर गुंडाळायची सोय हवीच. दोन माणसं लागणारं कव्हर महिनाभरानंतर कोपऱ्यात पडून राहतं, मग ते कितीही चांगलं असो.

आणि पुलाला धबधबा, कारंजं किंवा ओव्हरफ्लोची कड असेल तर रात्री बंद. पाणी हवेत उडवून गार करणं, हेच तर कूलिंग टॉवरचं काम.

गच्चीवर काय बघायचं

चाचणीत रात्रीची घट कमी निघाली आणि तरी पाणी चढत नसेल, तर मग गच्ची. दुपारी बारा-साडेबाराला जा. पंप रूममध्ये कोणालातरी उभं करून सोलर चालू असल्याची खात्री करून घ्या आणि प्रत्येक पॅनेलला वरून खालपर्यंत हात लावत चला. ज्यातून पाणी वाहतंय ते काळं पॅनेल भर उन्हातही हाताला थंडसर लागतं. चटका बसला तर त्यातून पाणी जात नाही. हा नियम लोकांच्या डोक्यात नेमका उलटा बसलेला असतो. गरम पॅनेलला हात लावून 'हे चांगलं चाललंय' म्हणणारे मिस्त्रीही मला भेटलेत.

परतीच्या पाण्याचंही असंच. पुलात पडणाऱ्या धारेला हात लावून "कोमटसुद्धा नाही हो" अशी तक्रार येते. नसणारच. २४ चौरस मीटर पॅनेलांतून मिनिटाला ९०-१०० लिटर पाणी फिरायला हवं आणि एवढ्या प्रवाहात भर उन्हात पाणी दोन ते चार अंशांनीच चढतं. हाताला तो फरक कळत नाही, थर्मामीटरला कळतो. परतीचं पाणी दहा-बारा अंश गरम येत असेल तर खूश होऊ नका, प्रवाह घुसमटला आहे. पॅनेल जितकं गरम राहील तितकी उष्णता ते हवेलाच देईल, आणि आपल्याकडे दुपारी समुद्रावरून येणारा वारा ती घ्यायला तयारच असतो. गीझरसारखं कढत पाणी हा स्विमिंग पुलाच्या सोलरचा आदर्श नाही. भरपूर पाणी, थोडंथोडं गरम.

प्रवाह कमी असण्याची कारणं साधी असतात. फिल्टर तुंबलेला. स्वच्छ फिल्टरवर गेज किती दाखवतो ते एकदा रंगाने खूण करून ठेवा, काटा त्याच्या वर अर्धा बार गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं. दुसरं कारण जोडणी. पाणी ओळीच्या एका टोकाला खालून आत आणि त्याच टोकाला वरून बाहेर असं जोडलं असेल, तर ते जवळच्या दोन पॅनेलांतून फिरून परततं आणि लांबची उपाशी राहतात. आत एका कोपऱ्यातून खालून, बाहेर समोरच्या कोपऱ्यातून वरून, असं तिरकं जोडायचं. पाइपाची काही फुटांची जोडणी बदलली की चार नवीन पॅनेलांचं काम होतं. तिसरं, हवा अडकलेली: वरचा हेडर (पॅनेलांना जोडणारा आडवा पाइप) परतीच्या दिशेने किंचित चढता नसेल, मध्येच कुबड आलं असेल, तर तिथे हवेचा गोळा बसतो.

हवेचा विषय निघालाच आहे, तर पुलात सतत बुडबुडे येण्याबद्दल. सकाळी सोलर सुरू होताना चार-पाच मिनिटं बुडबुडे येणारच, रात्री रिकामी झालेली पॅनेलं भरत असतात. दिवसभर येत असतील तर सोलरचा बायपास उघडून पाणी थेट पुलात सोडा. तरीही बुडबुडे असतील तर पंपाच्या झाकणाचं रबर किंवा सक्शनचा सांधा हवा ओढतोय, सोलरचा संबंध नाही. बायपासवर थांबले तर बघा गच्चीवरचा व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे पंप थांबला की पॅनेलांत हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह. मुंबईतल्या बंगल्यात पूल तळमजल्यावर किंवा तळघरात आणि पॅनेलं दोन मजले वर, म्हणजे आठ-दहा मीटरचा फरक. परतीचा उभा पाइप एवढ्या उंचीवरून खाली पडताना वरच्या टोकाला शोष निर्माण करतो, आणि सगळ्यात उंचावर बसवलेला ब्रेकर त्या शोषाने उघडून हवा आत घेत राहतो. काही मिस्त्री वैतागून तो काढून टोपी मारतात. हे करू नका, पंप बंद झाल्यावर पॅनेलं आतल्या आत चिपाडासारखी बसतील. ब्रेकर वर जाणाऱ्या पाइपावर, गच्चीच्या पातळीला, जिथे पंप चालू असताना दाब असतो तिथे आणा. आणि पंप रूममधला परतीचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जा, बुडबुडे थांबतील तिथे सोडा. आवळल्यावर प्रवाह फारच पडत असेल तर फिल्टरचा पंप एवढी उंची पेलत नाहीये. सोलरच्या लाइनला वेगळा बूस्टर लागेल. पाऊण किलोवॉटचा बूस्टर सहा तास चालला तर साडेचार युनिट वीज खातो आणि ७० युनिट उष्णता आणून देतो. या खर्चाला कंजुषी करू नये.

आता सावली. मुंबईत हा दोष नवीनच नाही, दरवर्षी वाढतोय, कारण शेजारची चार मजल्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाते आणि तिथे बावीस मजले उभे राहतात. शिवाय गच्चीची पाहणी बहुधा एप्रिल-मेमध्ये होते, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला तर भर दुपारी सावली पायाखाली गायब होते. त्या दिवसांत पाहणी केली तर जगातली कुठलीही गच्ची सोलरला योग्यच दिसेल. २१ डिसेंबरला मात्र मुंबईत सूर्य मध्यान्हीलाही क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशच वर येतो. दक्षिणेची इमारत तुमच्या गच्चीपेक्षा ४० मीटर उंच असेल तर तिची सावली मध्यान्हीला ३७ मीटर लांब पडते. साडेतीनच्या सुमाराला सूर्य ३० अंशांच्या खाली गेलेला असतो, तेव्हा नैर्ऋत्येच्या इमारतीची सावली तिच्या उंचीच्या पावणेदोनपट होते. म्हणून पॅनेलांची जागा डिसेंबर-जानेवारीत ठरवा. ते शक्य नसेल तर एका रविवारी गच्चीवर दहा, बारा, दोन आणि चारला मोबाइलमधलं सूर्यमार्ग दाखवणारं अ‍ॅप धरून बघा. पॅनेलं दक्षिणेकडे ३०-३५ अंश कलती ठेवलीत तर हिवाळ्यातल्या उन्हाला ती जास्त सरळ सामोरी जातात. उन्हाळ्यात थोडं कमी मिळेल, पण उन्हाळ्यात हवंय कोणाला?

कंट्रोलर खोटं बोलतो तेव्हा

कंट्रोलर दोन सेन्सर वाचतो: एक गच्चीवर पॅनेलांशेजारी, एक पुलाच्या पाण्याच्या पाइपावर. गच्ची पाण्यापेक्षा चार-पाच अंश गरम झाली की सोलर चालू, फरक दोनवर आला की बंद. पाण्याचा सेन्सर सोलरची परतीची लाइन जिथे मिळते त्याच्या आधी हवा. तो नंतर लावला असेल तर सोलर सुरू झालं की सेन्सरला पाणी गरम दिसतं, कंट्रोलर बंद करतो, पाणी गार दिसतं, पुन्हा चालू. दर काही मिनिटांनी व्हॉल्व्हचा कर्रकर्र आवाज येत असेल तर आधी हे बघा. बंद पंप रूममध्ये पाइपावर उघडा बांधलेला सेन्सरही खोलीची गरमी मोजतो. त्यावर फोमची पट्टी गुंडाळा.

गच्चीवरचा सेन्सर कबुतरं उपटतात, त्याची वायर उंदीर कुरतडतात. बहुतेक कंट्रोलरना १० किलोओहमचा एनटीसी सेन्सर असतो. तो सोडवून मल्टिमीटर लावा: २५ अंशांना १० किलोओहम, गरम होत जाईल तसा आकडा उतरतो, ४० अंशांना साधारण सव्वापाच. मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर तुटली आहे. नवा सेन्सर लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतो. त्यासाठी अख्खा कंट्रोलर बदलायला सांगणाऱ्याला चहा देऊन परत पाठवा.

टायमर हे सगळ्यात हास्यास्पद कारण आणि तितकंच नेहमीचं. फिल्टरचा पंप पहाटे पाच ते नऊ चालतो, कारण पोहायच्या आधी पाणी स्वच्छ हवं असं कधीतरी ठरलं. सोलर त्याच पंपावर आहे. ऊन दहा ते चार. दोघांची भेटच होत नाही. पंपाच्या वेळा हिवाळ्यात साडेनऊ ते साडेचार करा, पहाटे हवा तर अर्धा तास वेगळा ठेवा.

सोलरला जोडीला हीट पंप (हवेतली उष्णता विजेवर ओढून पाण्यात सोडणारं यंत्र) असेल तर आणखी एक गोम आहे. हीट पंप २८ वर लावलेला, सोलरची मर्यादाही २८. हीट पंप रात्री-पहाटे चालून पाणी २८ करून ठेवतो, सकाळी दहाला सोलर जागं होतं आणि त्याला करायला काही उरत नाही. घरमालकाला पाणी मस्त मिळतं आणि वीजबिल बघून तो सोलरला शिव्या घालतो. सोलरची मर्यादा ३० ठेवा, हीट पंपाची २७, आणि हीट पंपाला दुपारी चारनंतरच परवानगी द्या.

रात्री सोलर लाइन खरोखर बंद होते का, हेही एकदा तपासा. मोटरवर चालणाऱ्या तीन तोंडांच्या व्हॉल्व्हचं आतलं सील झिजलं की थोडं पाणी सगळ्या वेळ गच्चीवर जात राहतं. जानेवारीत रात्री नऊला फिल्टरचा पंप चालू ठेवून गच्चीवर खालच्या हेडरला हात लावा. पाइप बाहेरच्या हवेसारखा गार लागला तर ठीक. कोमट लागला तर तुमचा पूल रात्रभर गच्चीवर गार होतोय. (मेमध्ये पाणी ३१-३२ वर जाऊन नकोसं होतं, तेव्हा हीच गोष्ट मुद्दाम करता येते. बऱ्याच कंट्रोलरमध्ये रात्री गार करण्याची वेगळी सेटिंग असते.)

सकाळी पुलात रेतीसारखा कचरा किंवा तपकिरी धूळ दिसत असेल तर दोष नॉन रिटर्न व्हॉल्व्हचा. पंप थांबल्यावर पॅनेलांतलं पाणी उलटं फिल्टरमधून खाली येतं आणि अडकलेली घाण पुलात आणून टाकते. फिल्टर आणि गच्चीकडे जाणारा पाइप यांच्यामध्ये हा व्हॉल्व्ह हवा. असेल तर उघडून त्याची झडप बघा, बहुधा तिच्यात केस अडकलेले असतात.

पाणी, पाइप आणि गच्ची

'बंगल्यावर ३०० लिटरचा सोलर गीझर आहेच, तोच पुलाला जोडून द्या,' असं दर हिवाळ्यात कोणीतरी सुचवतं. ३०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवलं तर १२ युनिट होतात, आपल्या पुलाच्या पाव अंशाएवढे. वर क्लोरीनचं पाणी त्या टाकीला वर्षभरात खाऊन टाकेल. तांब्याच्या नळ्यांच्या काचबंद पॅनेलांतूनही पुलाचं पाणी थेट फिरवू नये. ती वापरायचीच असतील तर मध्ये टायटॅनियमचा हीट एक्स्चेंजर लागतो, जो दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देतो. मुंबईच्या हवेत काळी, बिनकाचेची प्लास्टिकची पॅनेलं पुरतात, कारण इथे जानेवारीतही दुपारची हवा ३० च्या आसपास, म्हणजे पुलापेक्षा गरम असते. काच असते ती आतली उष्णता बाहेरच्या थंडीपासून वाचवायला. तेवढी थंडी आपल्याकडे दुपारी पडतच नाही.

पालिकेचं तलावांचं पाणी मऊ आहे, पण पूल भरायला बरेचदा टँकर किंवा बोअरिंगचं पाणी वापरतात. ते जड असेल तर हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार बसतो आणि उष्णता जायची वाट हळूहळू बंद होते. दरवर्षी थोडं कमी तापतंय, अशी तक्रार असेल तर तिथे बघा. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा.

पॅनेलांजवळचे पहिले दोन-तीन मीटर पाइप सीपीव्हीसीचे (जास्त उष्णता सोसणारा पीव्हीसी) हवेत. पंप बंद असताना उन्हात रिकामं पॅनेल सहज ७० अंशांवर जातं आणि साधा पांढरा पीव्हीसी ६० च्या पुढे मऊ पडून झोळीसारखा लोंबतो, सांधे निसटतात. क्लॅम्प आणि पट्ट्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेसच्या घ्या, खाऱ्या वाऱ्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) टिकत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ शहराजवळून गेलं तेव्हा गच्चीवर नीट न बांधलेल्या वस्तूंचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

आणि स्टँड बसवायला गच्चीत ड्रिल मारू देऊ नका. खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आहे, वॉटरप्रूफिंग तोच करतो. एक बोल्ट आरपार गेला की जुलैत खालच्या बेडरूममध्ये ओल. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांच्यावर स्टँड उभा करा.

पावसाळ्यात सोलरची काळजी करू नका. जून ते सप्टेंबर ऊन बेभरवशाचं असतं, पण हवा उबदार आणि इतकी दमट असते की बाष्पीभवनच मंदावतं. पूल आपोआप २७-२८ च्या आसपास राहतो. सोलर बायपासवर ठेवा, ऊन पडलं तर आठवड्यातून एकदा पाणी फिरवून घ्या, म्हणजे आत शेवाळ धरत नाही.

हे सगळं पाहून झालं, कव्हर रोज पडतंय, एसी बंद आहे, प्रत्येक पॅनेल हाताला थंड लागतंय, कंट्रोलर खरं बोलतोय, आणि तरी जानेवारीत पाणी हवं त्यापेक्षा दोन अंश खालीच राहतं, असं झालं तरच पॅनेलं वाढवायचा विचार करा. पुलाच्या पृष्ठभागाएवढं क्षेत्रफळ, आपल्या उदाहरणात ३२ चौरस मीटर, ही मुंबईसाठी भरपूर मर्यादा झाली. गच्चीवर तेवढी उन्हाची जागा उरली नसेल तर छोटा हीट पंप घ्या. इथल्या उबदार, दमट हवेत तो एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता देतो, आणि वर्षातून चालवायचा तो जेमतेम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तोही संध्याकाळी चारनंतर.